गुण्याची होडी

गुण्या म्हणजे सुताराचं ते काटकोनी हत्यार, चौकट सरळ आहे की नाही बघायचं. या सुताराला सगळा बाजार त्याच नावाने ओळखायचा, आणि उगाच नाही. जन्मभर त्याने दारं, खिडक्या, कपाटं केली, पण एका सांध्यात कागद सरकला असेल तर शपथ. गिऱ्हाईक चुकून म्हणालं, "राहू द्या हो, एवढी फट चालेल," की याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "तुम्हाला चालेल, मला नाही चालत," म्हणून तो काम पुन्हा उघडून बसायचा. असल्या माणसाने होडीच्या वाटेला जायचंच नाही. पण गेला, आणि गेला तो बायकोसाठी.

बायको खाडीवरच्या नावाड्याची लेक. खाली सुताराचं दुकान, वर दोघांची एक खोली. तिची फुप्फुसं निकामी होत चालली होती. आधी जिना उतरणं बंद झालं, मग खिडकीपर्यंत जाणंही. डॉक्टरांनी गुण्याला बाजूला घेऊन सांगितलं, थंडी निघाली तर पुष्कळ. तो घरी आला, चपला काढल्या आणि तसाच दारात उभा राहिला.

"काय म्हणाले ते सांगू नका," ती म्हणाली. "तुमच्या तोंडावर लिहिलंय. मला एकदा बाबांच्या होडीत बसायचंय. शिडावर. इंजिन नको. आणि चालवायची तुम्ही."

"मी? अगं, मला धड पोहता येत नाही!"

"मग बुडू नका म्हणजे झालं."

होडी तिच्या भावाच्या ताब्यात होती. त्याचा धंदा होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. बापाची लाकडी होडी त्याच्या शेडमागे वर्षानुवर्षं पालथी पडली होती. टेम्पोतून ती दुकानापुढे उतरवून तो म्हणाला, "दाजी, ही होडी नाही, सरपण आहे. ताईला काय, सुचतं ते मागते." खोटं नव्हतं ते. दोन फळ्या कुजलेल्या, आणि बाकीच्या सुकून इतक्या आखडलेल्या की फटींतून पलीकडचा रस्ता दिसत होता.

गुण्याने कुजक्या फळ्या काढल्या, नव्या तासून बसवल्या. काम असं झालं की मेव्हण्याची टिंगल बंद पडली. राहिल्या त्या फटी. त्यांचं कसं करायचं ते बायकोने खाटेवर पडल्या पडल्या सांगितलं. तेलात भिजवलेली कापसाची वात हलक्या हाताने भरायची, वरून फटी बुजवायची मऊ लांबी लिंपायची. ठासायचं नाही. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि आपली फट आपणच मिटवतं. "पहिल्या दिवशी ती गळालीच पाहिजे. बाबा तिला काठाशी बुडूसुद्धा द्यायचे. नंतर मग थेंब यायचा नाही. कळलं का?"

"कळलं, कळलं," गुण्या म्हणाला, आणि खाली गेला.

खाली गेला खरा, पण हात ऐकेना. मुद्दाम फट ठेवायची? गळणारं काम स्वतःच्या हाताने करायचं, आणि तेही बायकोसाठी? पावसाळ्यात दारं फुगतात हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण फुगलेल्या दारावर रंधा मारला की संपलं. दाराला चौकटीत हलायला जागा असते. इथे एक फळी दुसरीच्या छातीवर बसलेली, रंधा मारणार कुठे, हे काही या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. त्याने कठीण लाकडाच्या बारीक पट्ट्या कापल्या, गोंदात बुडवल्या आणि एकेका फटीत ठोकून ठोकून बसवल्या. वरून असा रंधा मारला की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये.

वरून तिचा आवाज आला, "अहो, एवढं टणटण काय वाजतंय? कापूस असा वाजत नाही."

"हातोडी नवी आहे," तो ओरडला.

एवढ्या संसारात तो तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता. बोलला ते या फटींपायी.

दुपारी शिकवणी चालायची. खाटेच्या पायाला झाडूचा दांडा बांधलेला, त्यावर जुनी चादर, समोर टेबलफॅन. चादरीची दोरी गुण्याच्या हातात. "वारा समोरून आला तर त्याच्याशी भांडायला जाऊ नका, तिरकं निघा," ती सांगायची. "आणि घाबरलात की दोरी सोडायची. आवळायची नाही, सोडायची. हवा सोडली की होडी आपोआप सरळ होते." मग मेव्हण्याच्या लहान होडीला शीड लावून प्रत्यक्ष गेला. वाऱ्याचा झोत आला, याने दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि होडी आडवी. पहिल्या दिवशी तसंच, दुसऱ्या दिवशी तसंच. चिखलाने माखून जिना चढला तेव्हा बायको इतकी हसली की तिला खोकला लागला. खोकला थांबेपर्यंत तो तिला पाठीशी धरून बसला. ओल्या कपड्यांनी बिछाना भिजला तरी ती म्हणाली, "असू दे हो. खाडीचा वास येतोय."

हळूहळू जमलं. होडीत तिच्यासाठी पाठ टेकायची लाकडी बैठक केली, उशीच्या मापाची. ती चार दिवस बरी होती. खुर्चीतून जिना उतरवायचं ठरलं. आदल्या सकाळी होडी पाण्यात सोडली. गुण्या दिवसभर काठावर बसून बघत होता. तळ कोरडा ठणठणीत. संध्याकाळी तो छाती पुढे काढूनच घरी आला.

"किती पाणी आलं?" तिने विचारलं.

"एक थेंब नाही!"

तिचा चेहरा उतरला. बराच वेळ ती चादरीच्या काठाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "कापूस नाही घातलात तुम्ही."

त्याने कानामागची पेन्सिल काढली, परत खोचली.

"अहो, आत्ताच्या आत्ता काढा ती बाहेर. लाकूड फुगायला लागलंय. जागा नाही मिळाली तर फळ्यांना धरणाऱ्या आतल्या बरगड्या तोडेल. माझं ऐका."

आता सांगा, यात काय अवघड होतं? भावाला हाक मारायची, दोघांनी होडी ओढायची. पण ओढायची म्हणजे चुकलं म्हणायचं. गुण्या म्हणाला, "तुझं आपलं काहीतरीच. सकाळी तुला बसवतो, मग बोल."

सकाळी ओहोटीला होडी चिखलात बसलेली होती. आतल्या चार बरगड्या काडीसारख्या मोडलेल्या, तळाची एक फळी बाहेर फेकली गेलेली. पट्ट्या मात्र जागच्या जागी. एकही हलली नव्हती. मेव्हणा डोक्याला हात लावून बसला.  घरी जायला गुण्याने सगळ्यांत लांबचा रस्ता धरला.

ती केस विंचरून, निळी साडी नेसून तयार होती. त्याने सांगितलं. ती रागावली नाही, आणि ते जास्त वाईट.

"होईल पुन्हा?"

"होईल," तो म्हणाला.

तो रात्रंदिवस खपला. पट्ट्या खरवडून काढल्या, बोटं सोलली, नव्या बरगड्या वाफेवर वाकवल्या. वर खोकला वाढत गेला आणि खालचं काम अर्ध्यावर असतानाच एका दुपारी खोकल्याचा आवाज थांबला. दुकानात गुण्याच्या हातात पटाशी होती. आवाज का नाही म्हणून तो वर गेला.

पुढे पुष्कळ दिवस त्याने होडीला हात लावला नाही. मग लावला. कापसाच्या वाती वळल्या, तेलात भिजवल्या, हलक्या हाताने भरल्या. मेव्हणा मदतीला आला, दोघांनी होडी पाण्यात ढकलली. पाणी सगळीकडून आत आलं. आधी तळ बुडला, मग बैठक, मग पाणी होडीच्या काठाला लागलं.

"दाजी, बुडतेय! दाजी, अहो, ओढा!"

"राहू दे," गुण्या म्हणाला.

होडी पूर्ण बुडेपर्यंत तो उभा राहिला. मग घाईघाईने, जवळजवळ पळतच घराकडे निघाला. दुकान ओलांडलं, जिना चढला, दार ढकललं. रिकाम्या खाटेला झाडूचा दांडा अजून बांधलेला होता.

"खूप आलं गं," तो म्हणाला. "खूप पाणी आलं."