हातावरचं अक्षर

आमच्या सलूनमध्ये दोनच खुर्च्या. आतली माझी, दाराजवळची त्याची. त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. तोंड एकदा सुरू झालं की गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवतीचं कापड सोडेपर्यंत बंद व्हायचं नाही. हात मात्र फार हलका. त्याच्याकडे दाढी करताना माणसं चक्क झोपून जायची.

त्याची आई गेली आणि महिन्याभरात त्यानं उजव्या हाताच्या आतल्या बाजूला टॅटू गोंदवून घेतला. नक्षी नाही, चित्र नाही, नुसत्या दोन ओळी. 'जेवून घे. उशीर करू नकोस.'

आई त्याच्या थोरल्या बहिणीकडे असायची, दुकानापासून बसचे चार थांबे पलीकडे. तिथून रोज डबा यायचा. मेहुणे कामावर जाता जाता ठेवून जायचे. डब्याच्या झाकणाखाली एक चिठ्ठी असायची आणि चिठ्ठीत ह्याच दोन ओळी. त्यातली शेवटची चिठ्ठी टॅटूवाल्याकडे नेऊन त्यानं अक्षर जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. प्रत्येक शब्दावरची रेघ शेवटच्या अक्षराच्या पुढे शेपटीसारखी लांबच लांब गेलेली.

कैची चालवताना हात आरशात दिसायचाच. कुणी विचारलं की रेडिओ सुरू.

"आईचं अक्षर. आजारी होती, पण दोन वर्षांत एक दिवस चिठ्ठी चुकली नाही. आणि हाताला चव काय सांगू!"

ऐकणारा दुकानाबाहेर पडताच आईला फोन लावायचा. मीही लावला होता, खोटं कशाला बोलू.

एका सकाळी ती बहीण, त्याची ताई, दुकानात आली. कसल्याशा सरकारी यादीतून आईचं नाव कमी करायचं होतं, अर्जावर दोघा भावंडांच्या सह्या हव्या होत्या. टॅटू तिनं पाहिलेला नव्हता. तीन गिऱ्हाइकं बसलेली असताना ह्यानं हात उताणा करून तिच्यापुढे धरला.

"ओळख बघू, कुणाचं अक्षर?"

ताई बघतच राहिली. मग पदर सारखा करत म्हणाली, "छान आलंय."

"आईचंच ना?"

"हो रे. आईचंच."

मग पावडरच्या डब्यांशेजारी अर्ज ठेवून ती राहिलेले रकाने भरायला लागली. आईची जन्मतारीख त्याला ठाऊक नव्हती, तिनंच लिहिली. तो सही करायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. अर्जावरच्या प्रत्येक शब्दाची रेघ पुढे शेपटीसारखी लांब गेली होती. मलाही दिसली. मी मान फिरवून वस्तऱ्याचं पातं बदलायला लागलो.

तो तिला दाराबाहेर घेऊन गेला. दार उघडंच होतं, ऐकू येत होतं.

"ताई, चिठ्ठ्या तू लिहायचीस?"

"आईचा उजवा हात गेला होता रे. लकव्याच्या पहिल्या झटक्यातच."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू यायचास ना. महिन्यातून एकदा, दारात उभा राहून. गाडीची चावीसुद्धा खिशात टाकायचा नाहीस." तिचा आवाज चढला नाही. "स्वयंपाकही मीच करायचे. पण सांगायची आई. आज हे कर, त्याला आवडतं. चिठ्ठीत काय लिहायचं तेही तीच सांगायची. आणि हाताचं त्याला कळू देऊ नकोस म्हणायची. कळलं तर दुकान टाकून धावत येईल."

रेडिओनं तो हात पाठीमागे नेला.

"तिला खरंच वाटायचं," ताई म्हणाली, "की तू धावत येशील."

दुसऱ्या दिवसापासून तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून यायला लागला. उकाड्यानं जीव जायचा, केस बाह्यांत अडकायचे, पण बटण उघडायचा नाही. गिऱ्हाइकं मला खुणेनं विचारायची, ह्याला काय झालं? मी म्हणायचो, दात दुखतोय.

मग एक दिवस आमचे जुने गिऱ्हाईक, निवृत्त पोस्टमन आले. बायको जाऊन त्यांना वर्ष झालं होतं. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी सदऱ्याची बाही वर केली. सुरकुतलेल्या कातडीवर ताजा टॅटू होता, बायकोनं किराणाच्या यादीखाली केलेली सही.

"तुझं बघूनच धीर केला," ते म्हणाले. "ह्या वयात लोक हसतील वाटलं होतं. दाखव रे तुझा, दोन्ही शेजारी धरू."

रेडिओनं बाहीचं बटण चाचपलं. हात दाखवून वेळ मारून नेता आली असती. तो म्हणाला, "काका, ते आईचं अक्षर नाही. ती कशी जगत होती हेच मला माहीत नव्हतं. मी तुम्हा सगळ्यांना खोटं सांगत होतो, आणि मला ते खरं वाटत होतं."

पोस्टमन खुर्चीत बसले. मग बाही खाली करून म्हणाले, "कानावरचे जरा जास्त कमी कर." जाताना नेहमीसारखी त्याची पाठ थोपटली नाही.

त्या सुट्टीला तो ताईकडे गेला. काय झालं ते त्यानं मला नंतर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यानं. चावी खिशात ठेवली आणि स्वयंपाकघरात खाली बसला. माफी मागायला तोंड उघडेना. ताईनं न विचारता एक वही पुढ्यात ठेवली. आई डाव्या हातानं लिहायला शिकत होती. पानंच्या पानं वेड्यावाकड्या रेघा, कुठे कुठे त्याच्या नावाचं पहिलं अक्षर, तेही अर्धवट. पुढचं तिला कधी जमलंच नाही.

"ने, हवी तर," ताई म्हणाली.

"नको. मी कुठल्या तोंडानं नेऊ?"

"मग इथं येऊन बघत जा."

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी तो तिकडे असतो. ताई त्याच्याशी अजून मोजकंच बोलते. तो भांडी घासतो, वही उघडून बसतो, आणि चावी संध्याकाळी परत निघतानाच खिशातून काढतो.