बंड्याची ओळख परेड

ती घटना आजही आठवते, असं लिहायची पद्धत आहे. माझी अडचण अशी की ती मला कोणी विसरूच देत नाही. जुने सहकारी भेटले की नमस्काराच्या आधी विचारतात, "साहेब, बंड्या काय म्हणतोय?"

बंड्या हा पिटबुल. या हकिकतीत मी एकाही माणसाचं नाव घेणार नाही. पण कुत्र्याने बदनामीचा दावा लावल्याचं अजून ऐकिवात नाही, म्हणून त्याचं घेतो.

कोपरखैरण्याच्या जुन्या गावठाणातलं दुमजली घर. घरमालकाचा तळोज्यात मालवाहतुकीचा धंदा. सगळं कुटुंब दिवसभर एका साखरपुड्याला गेलं होतं. परत येऊन पाहतात तर मागच्या दाराचा कोयंडा उचकटलेला, कपाट फोडलेलं, म्हाताऱ्या आईचं सोनं गायब. आणि बंड्या हॉलमध्ये पंख्याखाली गाढ झोपलेला.

मी पंचनाम्याला गेलो तेव्हा तो उठला आणि सरळ माझ्याकडे चालत आला. मी सोफ्यावर चढलो. 'घटनास्थळी समक्ष उभे राहून पाहणी केली' असं पंचनाम्यात आहे, ते अक्षरशः खरं आहे. कशावर उभं राहून, ते लिहिलेलं नाही.

"सर, सांभाळून," माझा हवालदार दाराबाहेरूनच म्हणाला. "याचा जबडा एकदा बसला की लॉक होतो. अनोळखी माणूस घरात शिरला तर जिवंत बाहेर येत नाही."

"कोणी सांगितलं तुला?"

"ग्रुपवर आलं होतं."

माझ्याही ग्रुपवर आलं होतं. दोन ग्रुपवर आलं म्हणजे दोन स्वतंत्र साक्षीदार, असं मी धरून चाललो.

चोराने गुंगीचं औषध दिलं असेल म्हणून बंड्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते म्हणाले, "औषध वगैरे काही नाही. जेवून झोपला असेल." जबड्याबद्दल विचारलं तर हसले. "लॉक कपाटाला असतं, साहेब. याचा जबडा इतर कुत्र्यांसारखाच आहे. ताकद जास्त, चावला तर जखम मोठी होईल, एवढं खरं. पण राखणीसाठी म्हणून हा कुत्रा आणणारे बरेचदा फसतात. माणसांत रमतो हा." यातलं औषधाचं तेवढं मी टिपून घेतलं. बाकीचं माझ्या सोयीचं नव्हतं.

कारण तोवर माझा सिद्धांत तयार झाला होता. औषध नाही, शेजाऱ्यांनी भुंकणं ऐकलं नाही, फरशीवर रक्ताचा थेंब नाही. म्हणजे चोर बंड्याच्या ओळखीचा.

तसा माणूस हाताशी होता: घरमालकाचा धाकटा भाऊ. आईच्या सोन्याच्या वाटणीवरून भावाभावांत बोलणं बंद होतं. धाकटा वेगळी खोली घेऊन राहायचा, ट्रेलर चालवायचा. उरणच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं आणि ते अगदी तोंडावर आलं होतं. थोरला म्हणाला, "बंड्याला पिल्लू असताना त्यानंच आणला, साहेब. आणखी काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी माझ्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, पक्की टीप हाय. घरातलाच मानूस हाय." मी खूश. ही टीप त्याला कुठून मिळाली, हे मी फार उशिरा विचारलं. तो म्हणाला, "काय साहेब! तुमीच तर टपरीवर चहा पिताना हवालदाराला सांगत होता. मी मागंच होतो." माझाच सिद्धांत टपरीवरून फिरून माझ्याकडे टीप म्हणून परत आला होता.

धाकट्याला बोलावलं. चौकशीत मी आवाज चढवला नाही. त्या दिवशी मला स्वतःच्या हुशारीचा इतका भरवसा होता की आवाजाची गरजच वाटली नाही.

"दुपारी कुठे होतास?"

"खोलीवर. रात्रपाळी करून झोपलो होतो."

"साक्षीदार?"

"झोपेला कसला साक्षीदार, साहेब?"

"मग घरात शिरलेल्याला बंड्या चावला का नाही?"

"तो कोनालाच चावत नाय."

"तू तसंच म्हणणार." मी मान डोलावली. तो म्हणाला, "साहेब, सासरे मला फोन करून र्‍हायलेत. मी इथं हाय ते त्यांना कललं तर लगीन मोडंल." मी म्हणालो, "चोरी कबूल कर, सगळं लवकर संपेल."

कबुली येईना, तेव्हा मला ती युक्ती सुचली. ओळख परेड दंडाधिकाऱ्यांसमोर होते, पोलिसांनी ती घ्यायची नसते. आणि साक्षीदार माणूस असावा, हे तर कायद्याने लिहिण्याचीही गरज मानलेली नाही. तरी मी ठाण्याच्या आवारात रस्त्यावरची काही माणसं रांगेत उभी केली, मध्ये धाकट्याला ठेवलं आणि बंड्याला आणवलं. मुलाचा डबा घेऊन आलेली म्हातारी आई बाकावर बसून पाहत होती.

बंड्या थेट धाकट्याकडे गेला. शेपूट अशी हलली की मागचं अर्धं अंगच हललं. "लिहा!" मी हवालदाराला म्हणालो.

हवालदाराने पेन उघडेपर्यंत बंड्या शेजारच्या रिक्षावाल्याचे हात चाटत होता. मग एका भाजीवाल्यापुढे उताणा पडला. मग हवालदाराकडे गेला; हवालदार पेन टाकून पळाला, बंड्या खेळ समजून मागे. शेवटी माझ्याकडे आला. आवारात चढायला सोफा नव्हता. त्याने पुढचे दोन्ही पाय माझ्या पोटावर टेकले आणि वर्दीची बटणं चाटली.

आवारात कोणी हसेना; साहेब म्हणजे साहेब. म्हातारी तेवढी बोलली.

"आता तुमाला बी आत टाका, साहेब. तुमी बी घरचंच झालात."

धाकट्याला मी तिथेच घरी जायला सांगितलं. मग पहिल्या दिवशी करायचं काम सुरू केलं. घरामागच्या गल्लीत औषधाचं दुकान होतं, दुकानाला कॅमेरा होता. सिद्धांत हाती असल्यामुळे तो पाहायची मला गरज वाटली नव्हती. त्यात मोटारसायकलवरून आलेला एक इसम पाठीला बॅग लावून गल्लीत शिरताना आणि निघताना दिसला. गाडीच्या नंबरवरून तो सापडला. दिवसा घरफोड्या करणारा, रेकॉर्डवरचा. बहुतेक सोनं जप्त झालं.

मी त्याला विचारलं, "आत पिटबुल होता. भीती नाही वाटली?"

"पिटबुल म्हणजे?"

"तो कुत्रा."

"तो? मला वाटला गावठीच हाय, जरा खाऊनपिऊन असलेला. दार उघडलं तर समोरच उभा. मी मागं फिरलो. तर तो उताणाच पडला. पोट खाजवलं. मग मी कपाट फोडत होतो आणि हा बाजूला बसून बघत होता."

सबंध प्रकरणात पिटबुलबद्दल काहीच न ऐकलेला माणूस एकच निघाला, तो म्हणजे चोर.

गुन्हा उघड झाला, पण लग्न अडकलेलं होतं. मी उरणला मुलीच्या वडिलांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"साहेब, ठाण्यात नेला ते अख्ख्या गावाला कललं. सोडला ते कोन सांगनार? मी दारोदार फिरू?"

"गावाला मी सांगतो," असं म्हणालो, तेव्हा कुठे ते लग्नाला राजी झाले. म्हणून लग्नाच्या दिवशी मी वर्दी चढवली, सरकारी गाडी काढली आणि चालकाला गावाच्या मधल्या रस्त्याने सावकाश घ्यायला सांगितलं. नियमात बसतं का, विचारू नका. मांडवात नवरदेवाच्या शेजारी खुर्ची मागून घेतली. मागून कुजबुज ऐकू आली.

"पकडाया आलाय काय रं?"

"नाय रं. जेवाया आलाय."

थोरला भाऊ समोर वाढत होता. धाकट्याच्या पानाजवळ जरा थांबला आणि त्याने दोनदा वाढलं.

पिटबुल म्हणजे गोगलगाय, असं मी म्हणत नाही. चाव्याच्या तक्रारीही मी नोंदवल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी कुत्रा दिवसभर साखळीला आणि मालक मोबाईलला बांधलेला असायचा. पण 'पिटबुल आहे म्हणजे फाडणारच' आणि 'भांडण आहे म्हणजे चोरणारच' ही एकाच साच्यातली वाक्यं. दोन्हीत पुरावा कुठेच नाही. आहे तो फक्त शेवटचा 'च'. उरलेल्या नोकरीत डोक्यात असा 'च' उठला की मी तोंड मिटून आधी कॅमेरे पाहिले. आणखी एक कळलं. संशयिताला आणायला शिपाई पाठवता येतो. संशय मागे घ्यायला मात्र स्वतः जावं लागतं.