कपाटातली रिकामी जागा

ग्रंथालयात शिरल्यावर इंगळे साहेब आधी पुस्तकं पाहत नसत, पुस्तकांमधली रिकामी जागा शोधत. सापडली की त्या फटीत हात घालून विचारत, "इथलं कुठी गेलं?" ते कुणाच्या घरी आहे, त्या घरात आणखी कोण वाचतं, हे समजल्याशिवाय चहाला हात लावत नसत. मला वाटायचं, यांना पुस्तकांपेक्षा लोकांच्या घरच्या चौकशांतच जास्त रस.

अकोटला मास्तर म्हणून लागलेला हा माणूस अकोल्यात शिक्षणाधिकारी झाला आणि शेवटी अमरावतीला विभागाच्या ग्रंथालयांचा प्रमुख. ही अडगळीतली खुर्ची त्यांनी मागून घेतली होती. "शाळेत पोरगं धाकानं वाचते. शाळा सुटल्यावर वाचते का, ते मले पाहाचं हाये," म्हणायचे.

मी त्यांच्या हाताखाली निरीक्षक होते. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यातल्या वाचनालयाची मान्यता टांगणीला लागली होती. तिथले ग्रंथपाल वानखडे भाऊ सज्जन माणूस. तपासणी येणार म्हणून त्यांनी घरोघरी फिरून पुस्तकं गोळा केली, पुसली आणि कपाटं गच्च भरून ठेवली. साहेबांनी कपाटावरून बोट फिरवलं. फट कुठेच नाही. त्यांचा चेहरा उतरला.

"सगळेच पुस्तकं इथं. मंग गाव काय वाचून राह्यलं, वानखडे?"

"अशानं मान्यता कशी ठेवू?" म्हणत साहेब उठले, तेवढ्यात शेतातून परतलेली एक बाई दारात उभी राहिली.

"वानखडे भाऊ, माह्यं पुस्तक काहून नेलं? अर्धंच झालतं. त्या पोरीचं पुढं काय झालं, आता कोण सांगन मले?"

साहेब पुन्हा बसले. "कुठवर आलती बाई तू? सांग बरं." ती सांगत राहिली, साहेब ऐकत राहिले. मान्यता टिकली. निघताना ते वानखडे भाऊंना म्हणाले, "अर्धं वाचलेलं पुस्तक वापस मागू नये बाप्पा. जेवत्या माणसाचं ताट ओढल्यासारखं होते."

यंदाच्या उन्हाळ्यात साहेब गेले. मी त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या मुलानं उशाजवळचं पुस्तक माझ्या हाती दिलं. "एवढं वाचनालयात वापस करून द्या, ताई." मध्यावर खुणेला एसटीचं तिकीट होतं. पुढचं त्यांना कळलंच नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

त्या तिकिटापासून पुढे मी वाचते आहे. परवा वाचनालयातून पुस्तकासाठी फोन आला. म्हटलं, अजून अर्धं राहिलंय.