यशोदाबाईंच्या बांधीतली वाकडी ओळ

तुमसरहून सिहोऱ्याकडे जाणारी एसटी खड्ड्यांवरून अशी उडत होती, की निम्मा प्रवास मी हवेतच केला. निघालो होतो मिलिंद आणि विद्याकडे. या माझ्या मित्रांनी पुण्यातलं बिऱ्हाड मोडून सिहोऱ्यापलीकडच्या एका खेड्यात दोन एकर शेत कसायला घेतलं होतं. यंदाचा धान त्यांचा पहिलाच.

विद्याने तांदळाची भाकरी आणि लाखोरीच्या डाळीचं वरण वाढलं. तिखट असं, की माझ्या कानांतून निघालेल्या वाफेवर आणखी एक हंडी भात शिजला असता. हे मी बोलूनही दाखवलं, पण कोणी हसलं नाही.

"पऱ्हे (धानाची रोपं) दोन दिवसांत लावले नाहीत तर गेले," मिलिंद म्हणाला. "रोवण्याला (लावणीला) बायका येतो म्हणतात आणि सकाळी येत नाहीत."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं शेतावर गेलो. आठवडाभर पावसाची उघाड होती, तरी मिलिंदच्या बांध्या (बांध घातलेले धानाचे तुकडे) काठोकाठ भरलेल्या. बेडूक एवढाले, की एकाला मी वडीलधारा समजून नमस्कार केला. त्यांच्या धुऱ्याच्या (बांधाच्या) खालच्या अंगाला शेजारच्या यशोदाबाईंची बांधी होती. तिच्यात भेगा पडल्या होत्या.

यशोदाबाई धुऱ्यावरच बसल्या होत्या. मी विचारलं, "बायका रोवण्याला का येत नाहीत हो?"

"मले काहून पुसता भाऊ? या धुऱ्याले पुसा."

"धुऱ्याला काय झालं?"

"तोंड बुजवलं ना पुनेवाल्यानं! बोडीचं (लहान तळ्याचं) पानी वरच्या बांधीतून खाली येते. माया सासऱ्याच्या आधीपासून येऊन राहिलं. आता पाहा, माये पऱ्हे वाळले."

मिलिंद धुऱ्याजवळ आला. "मला वाटलं, धुरा फुटलाय. मीच मातीची पोती लावून दुरुस्त केला. मावशी, सांगितलं का नाही?"

"तू पुसलं का?"

मिलिंद गुडघ्यांवर बसला आणि हातांनीच पोती ओढू लागला. एरवी मी लिहिलं असतं, की खुद्द वैनगंगा धावत सुटली. खरं तर वीतभर रुंदीची धार होती. ती भेगांत शिरायची आणि दिसेनाशी व्हायची. आम्ही तिघंही ती खाली कुठवर पोचते ते बघत उभे राहिलो.

मग विद्या म्हणाली, "मावशी, आमचे पऱ्हे घ्या. आधी तुमची बांधी."

"अन् तुमची?"

"उरतील तेवढे लावू."

दुपारपर्यंत पाणी पुरलं, चिखल झाला. बायका कुठून आल्या कळलं नाही. बोलवायला कोणी गेलं नव्हतं. विद्याही ओळीत वाकली. तिच्या ओळीकडे बघून एकजण ओरडली, "हा रोवणा हाय का साप चालून गेला वो?" सगळ्या हसल्या. कोणीतरी ती ओळ उपटून सरळ करायला हात घातला, तेव्हा यशोदाबाई म्हणाल्या, "राहू दे. धान निसवल्यावर (लोंब्या आल्यावर) दिसन मले, कोनाचा हात हाय ते."

दुसऱ्या दिवशी त्याच बायकांनी मिलिंदकडे उरलेले पऱ्हे लावले. अर्ध्या शेतात नुसतं पाणी उभं राहिलं. परतताना एसटीच्या खिडकीतून ते लखलखताना दिसलं.

घरी आल्यापासून मी बेडकांची उंची रोज बोटभर वाढवून सांगतो. रिकामं राहिलेलं शेत मात्र अर्धं होतं ते अर्धंच सांगतो.