काका अजून बोलतात ना?

मुलांनो, आजोबांना जेवणासाठी नाकातून नळी का घालत नाही, असं तुम्ही काल फोनवर रागानेच विचारलंत, म्हणून तुमची आजी हे लिहिते.

कंपवाताच्या व्यायामासाठी मी त्यांना इस्पितळात न्यायची, तेव्हा बाहेरच्या बाकावर एक तरुण डॉक्टर डबा खात बसलेली असायची. मूळची धुळ्याची, वाढली सुरतेच्या बमरोलीत. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मेंदूच्या आजाराने गेलेल्यांच्या जुन्या फायली वाचून, शेवटी त्यांची काळजी कशी घेतली गेली ते ती तपासायची. बोलताना ओढणीने चष्मा पुसत राहायची.

"काय सापडतं त्यात?" मी एकदा विचारलं.

"ताप, नाडी, औषधं, सगळं सापडतं, मावशी. पण पेशंटला काय हवं होतं, ते बहुतेकांना कुणी विचारलेलंच नसतं. विचारायचं सुचतं, तोवर वाचा गेलेली असते." मग आजोबांकडे पाहून तिने हळूच विचारलं, "काका अजून बोलतात ना?"

पुढे गिळता येईनासं झालं तर काय करायचं, ते त्याच संध्याकाळी मी आजोबांना विचारलं.

"नळी नको. घरीच राहू दे," ते अडखळत म्हणाले. "आणि चहा जरा कडक कर. इतकी वर्षं सहन केलाय."

आता त्यांची वाचा गेली आहे. कडक चहा चमच्याने भरवला, की ते अजून घेतात.