दोन बोटांची गाठ

अक्का गेल्या त्या दिवशी सकाळी त्यांनी मला खाटेजवळ बोलावलं. मला वाटलं पाणी हवं असेल, किंवा काही निरवानिरव सांगायची असेल... त्यांनी हात लांबवला, माझ्या लुगड्याच्या गाठीत दोन बोटं सरकवली आणि म्हणाल्या, "ढिली हाय." दुपारी त्या गेल्या. म्हणजे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं ही तक्रारच झाली, आणि तीही खरी.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. दोघींचे मालक पाठोपाठ गेले, पोरं नोकऱ्यांपायी पांगली आणि पुणतांब्याच्या घरात आम्ही दोघीच उरलो. मी लग्न होऊन आले ती जाडीच, आणि नऊवारी कमरेला टिकवणं मला जन्मात जमलं नाही. "सुमन, तुझ्या पोटावर गाठच काय, जू ठिवलं तरी घसरंल गं!" असं म्हणत त्या रोज दाराशी मला अडवायच्या, गाठीत दोन बोटं घालून बघायच्या आणि बोटं गेली की सगळं सोडून पुन्हा आवळून द्यायच्या. त्यांच्या स्वतःच्या गाठीत मात्र नखही शिरत नसे. मालकांच्या मागं शेत, गडी, भावकी सगळं त्या गाठीच्या जोरावर ओढलं, असं त्या मानत. मीही मानत होते.

त्या गाठीखाली, उजव्या अंगाला, कातडीवर काळा वण होता. तसा तो गावातल्या बऱ्याच बायकांना असतो. पुढे तो चरचरू लागला, मग फुटला. हळद-खोबरेल लावलं की खपली धरायची, लुगडं आवळलं की निघायची... अशी वर्षानुवर्षं. त्या म्हणायच्या, "व्हातीय तर व्हाऊ दे, आतलं वंगाळ भाईर पडतंय." दुष्काळात गोदावरीच्या वाळूत झिरे खणून आम्ही पाणी वाहत होतो, तेव्हा जखमेला फुलकोबीसारखे कोंब आले, वास येऊ लागला. मी त्यांना रेल्वेनं नगरला नेलं. डॉक्टर बाई होती म्हणून त्यांनी दाखवलं तरी.

डॉक्टरीण तरुण, पण समजावून सांगणारी. म्हणाली, "कॅन्सर आहे. जखम झाली की अंगातल्या पेशी एकमेकींना हाका घालतात, दुरुस्तीला या म्हणून. जखम भरली की हाका थांबतात. तुमची भरलीच नाही, म्हणून हाका थांबल्या नाहीत, आणि वाढता वाढता काही पेशी बिघडल्या. त्या हाका जातात कशा, ते आम्हालाही अजून पुरतं उमगलेलं नाही."

"म्हंजी मदतीला आलेलं पाव्हणं घरी गेलंच न्हाईत म्हना की," अक्का म्हणाल्या.

डॉक्टरीण हसली, पण घटकाभरच. जांघेतही एक गाठ तिच्या हाताला लागली होती. म्हणाली, ऑपरेशन करू, पण यापुढे कमरेला आवळायचं नाही. दोन बोटं सहज जातील इतकं सैल नेसायचं.

ऑपरेशनला अक्का लगेच तयार झाल्या. सैल नेसायला नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "गाठ न्हाई तर मी हुभी कशी ऱ्हाऊ गं?" तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. म्हटलं, "अक्का, आता तुमी सोडा. मी आवळते." त्या वळल्या, माझ्या पोटाकडे बघत राहिल्या आणि इतक्या हसल्या की टाके अजून घालायचे होते हेच बरं!

घरी आल्यावर रोज सकाळी मी त्यांच्या गाठीत दोन बोटं घालायची, जातात ना ते बघायला; आणि त्या माझ्या गाठीत, जात नाहीत ना ते बघायला. शेतावर मी जाऊ लागले. गड्यांनी काय सोसलं ते त्यांनाच ठाऊक. काही महिने असे बरे गेले... मग जांघेतलं दुखणं पोटात शिरलं.

आता सकाळी दाराशी आले की पाय आपोआप थांबतो. बघणारं कुणी नाही, म्हणून मीच आपली बोटं घालून बघते. काल अख्खा पंजा आत गेला. आयुष्यभर ज्या पोटाला त्यांनी नावं ठेवली ते बघा कुठं गेलं, हे सांगायला मी खाटेकडे वळलेसुद्धा.