अप्पांची घंटी

अप्पांना, माझ्या वडलांना, लकवा झाला तेव्हा त्यांचं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डावा हात तेवढा राहिला. आई म्हणायची, "महादेवानं बरोबर तोच हात ठेवला बघ." आमच्यात इष्टलिंगाची पूजा डाव्या तळहातावर लिंग घेऊन करतात. रोज सकाळी आई त्यांच्या गळ्यातलं लिंग सोडून त्या तळहातावर ठेवायची, वरून पाणी घालायची, भस्म लावायची. खाली ताटलीत धरलेलं पाणी मग परसातल्या बेलाच्या बुडाशी ओतायची.

आमचं घर अहमदपुरात. पुढं किराणा दुकान, मागं अप्पांची खोली. दुकान आता आई एकटीच सांभाळते. मी लातूरला असते. शेतातल्या मोटारींचे ऑटो, म्हणजे लाईट आली की आपोआप मोटार चालू करणारे डबे, त्यांच्या आतले सर्किटचे बोर्ड मी तयार करते. "चला दोघंबी माझ्याकडं," म्हणून मी हट्टच धरला. अप्पांनी मान हलवली. नाही म्हणजे नाही. मग आईनंच तोडगा काढला. "तू त्यांना एक घंटी करून दे. त्यांनी दाबली की मला दुकानात ऐकू यावी. ती नीट चालली तर आम्ही हितंच. न्हाई चालली तर तू म्हणशील तिकडं येऊ."

बाजारातली बिनवायरची बेल आधीच आणून झाली होती. शेजारच्यांच्या दारावर कुणी आलं की आमचीही वाजायची. म्हणून मी वायर टाकून, स्वतः बोर्ड बनवून घंटी बसवली. मोठ्या मोटारी चालवते मी, घंटीचं काय घेऊन बसलात! अप्पांनी बटण दाबलं, दुकानात घंटी वाजली, आईनं कौतुकानं माझी दृष्ट काढली. मी खुशीत लातूरला गेले.

दुसऱ्याच दिवशी आईचा फोन. "अगं, तुझी घंटी येडी झालीय. उगंच वाजायलीय. मी पळत जाते तर हे मान हलवतेत, काही नको म्हणून."

अहमदपूरला येऊन बघितलं तर सगळा खेळ दुकानातल्या फ्रीजचा. थंड पेयांचा तो जुना फ्रीज दिवसभर आपोआप चालू व्हायचा, बंद व्हायचा. दर वेळी आत बारीकशी ठिणगी पडायची, तिचा धक्का शेजारून जाणाऱ्या माझ्या वायरीत शिरायचा आणि बोर्डाला वाटायचं, अप्पांनीच बोलावलं. आई बिचारी हातातलं माप टाकून मागं पळायची. आलेच आहे तर म्हणून उशी सारखी करायची, तोंड पुसायची, दोन घोट पाणी पाजायची, आणि पुन्हा दुकानात. गिऱ्हाइकं हसायची. आई त्यांच्यासमोर हसायची, पण संध्याकाळी पाय धरून बसायची. माझा जीव तुटायचा.

यावर सोपा उपाय होता. बटण जरा वेळ दाबून धरलं तरच घंटी वाजवायची, कारण फ्रीजचा धक्का क्षणात संपतो. पण अप्पांचं बोट थरथरायचं. टेकायचं, सुटायचं, परत टेकायचं. बोर्डाच्या हिशेबी फ्रीजचा धक्का आणि माझ्या बापाचं बोट, दोन्ही सारखेच. धक्का गाळायला जावं तर बापाची हाकही गाळली जाणार. छे! ते मला मान्यच नव्हतं.

म्हणजे धक्का वायरीत शिरूच द्यायचा नाही. लाईटीच्या वायरीपासून माझी वायर लांब नेली, दोन्ही तारांना पीळ दिला, वरून जाळीचं वेष्टण घातलं आणि ती जाळी अर्थिंगला जोडली. घंटी कमी वाजू लागली, पण थांबेना. डोकं फिरलं माझं. शेवटी घरामागं जाऊन अर्थिंगची सळई बघितली, तर ती पत्र्याच्या आडोशाला, कोरड्या ठणठणीत मुरुमात ठोकलेली. जमीन ओली असेल तरच ती असला धक्का पोटात घेते. मग माझं लक्ष बेलाकडं गेलं. रोजच्या पूजेच्या पाण्यानं बारा महिने बुडाशी ओल.

"तिथं?" आई कडाडली. "देवाच्या पाण्यात करंट सोडतीस व्हय गं? उद्या पाणी ओतताना मीच चिकटले म्हंजे?"

"अगं माय, करंट सोडत न्हाई. वायरीत घुसलेला खोडसाळपणा तेवढा जमिनीत पुरायचाय."

तिला पटेना. आम्ही अप्पांना विचारलं. त्यांनी बेलाकडं बघितलं आणि हळूच मान डोलावली. वायरमन बोलावून आम्ही नवी सळई तिथं ठोकून घेतली.

त्यानंतर अख्खी दुपार मी फ्रीजशेजारी स्टूल टाकून बसले. तो चालू झाला, बंद झाला, परत चालू झाला. घंटी गप्प. आई दर वेळी सवयीनं अर्धवट उठायची आणि परत बसायची. जिंकलो आपण! मी आईला मिठीच मारली. आता कुणाला घर सोडायला नको होतं.

आणि तेवढ्यात घंटी वाजली. फ्रीज तर बंद होता. आई गुळाचे हात तसेच घेऊन मागं पळाली, तिच्यामागं मी. अप्पांचं बोट बटणावरच होतं.

"काय वो? पाणी?" अप्पांनी मान हलवली. "कूस बदलायची?" नाही. "उशी सारखी करू?" तेही नाही.

त्यांनी बटणावरचा हात उचलला आणि खाटेवर शेजारी दोनदा थोपटला.

मग माझ्या लक्षात आलं. इतके दिवस फ्रीज तिला घडोघडी त्यांच्याकडं पाठवत होता. आज दुपारभर ती एकदाही आली नव्हती.

"आगं बाई," आई म्हणाली, "येवढ्यासाठी?" आणि पदरानं डोळे टिपत ती त्यांच्याजवळ बसली. दुकानातून कुणीतरी हाक मारली, "मावशी, साखर द्या की!"

आई उठली नाही. मीच गेले साखर द्यायला.